आटे

अब्रेहेतने सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाली,
"बाबांची. अस्सल इटालियन."
तिचा हात सीटवर होता,
आणि सीट शांघायची.

मी हसलो नाही.
अस्मारात सत्तरीला टेकलेला माणूस
अस्सल या शब्दाला घाईने हसत नाही.

"तुमचं दुकान बाबांनी कधी दाखवलं नाही,"
ती सांगत होती,
"या गल्लीतून यायचेच नाहीत ते.
बाजाराला जायचं तरी चर्चमागून वळसा.
का, ते विचारायचं राहून गेलं."

फिलमोनला म्हटलं, उजवी कटोरी खोल.
पोरगं काट्यांच्या दिशेने जोर लावत बसलं;
मागच्या आठवड्यातली इंग्रजी सायकल
अजून त्याच्या मनगटात होती.
"उलट फिरव."
खर्रकन सुटली.
चला, सांगाडा तरी इटालियन निघाला.
रंग खोटं बोलतो, स्टिकर बोलतो,
मालक तर बोलतोच.
आट्यांना ते जमत नाही.

मागच्या चाकाला चाळीस तारा.
इंग्रज गेले, चाक राहिलं.
उजवं पायडल रशियन, रणगाड्याच्या वजनाचं,
डावं निलगिरीच्या लाकडाचं, घरीच तासलेलं,
टाचेकडे जास्त झिजलेलं.
चेनकव्हर म्हणजे मदतीच्या तेलाचा डबा, कापून ठोकलेला;
त्यावर हस्तांदोलनाचं चित्र, पण कात्री मधून गेलेली,
त्यामुळे एकच हात,
पुढे केलेला.

काळा रंग खरवडला, खाली हिरवा.
हिरव्याखाली निळा.
त्याखालचा राखाडी की आकाशी,
यावर माझं आणि फिलमोनचं जेवण थंड झालं.

मग चिमटा.
तो भलत्याच सायकलचा, बोटभर आखूड,
डाव्या पायावर पितळेचा डाग:
जाड, तिरका, खाली ओघळून
थेंबासकट गोठलेला.
"कुठल्या गाढवाचं काम?" फिलमोनने विचारलं.

मी चष्मा पुसला.
पुन्हा पाहिलं.

संचारबंदीचं वर्ष. उस्ताद तुरुंगात.
दुकान माझ्या सतरा वर्षांच्या हातात,
आणि हात थरथरत होते, ज्योतीमुळे नव्हे.
शटर अर्धं खाली असताना एक माणूस वाकून आत आला,
मोडका चिमटा आणि सायकल घेऊन.
पहाटेच्या आत केरेन गाठायचं, म्हणाला.
का, ते त्याने सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही; तेव्हा तीच रीत होती.
भंगारात जो चिमटा हाती लागला तो बसवला,
तोही तडकलेला, म्हणून डाग.
"केरेनपर्यंत टिकेल," म्हटलं. "पुढचं माहीत नाही."
"पैसे परतल्यावर देतो," तो म्हणाला.

पन्नास वर्षं टिकला.
आणि चर्चमागचा तो वळसा.

"हा गोळा घासून काढाल ना?" अब्रेहेतने विचारलं.
"आणि चिमटा नवा? मिलानहून मागवता येतो म्हणे."
"येतो," मी म्हटलं, "पण हा उतरवायचा नाही."
तिने कारण विचारलं.
मी छर्रे मोजत होतो.
दोन कमी होते.

तिसऱ्या दिवशी सायकल दिली.
चाकं सरळ केली, ग्रीस बदललं, रंग आहे तसाच,
खरवडलेल्या जागी फक्त तेलाचा हात.
"थोडी डावीकडे ओढते," सांगून ठेवलं,
"सवय होईल."

पावतीवर मजुरी लिहिली, छर्रे लिहिले.
जुनी बाकी लिहिली नाही.
ती निघाली तेव्हा मी दारात होतो;
कोपऱ्यावर पोचून ती सरळ गेली,
चर्चमागून नाही.