पांढरी कड

वजन साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा,
वय तीन महिने.
नाव? केसपेपरवर नुसतं 'वेळीप बेबी'.
गावडोंगरीहून दोन बसगाड्या बदलून
बांबोळीला आलेली आई म्हणाली,
ओठ झाला की ठेवू.
आणि मग हलक्या आवाजात:
ग्रहणात मी कणगं चिरली होती.

मी म्हटलं, तुमच्या विळीचा काही दोष नाही.
सातव्या आठवड्यात दोन्हीकडून निघालेलं मांस
मध्यावर पोचायचं राहिलं, इतकंच.
तिने मान हलवली. पटलं नव्हतं.

आधी शाई, सुरी नंतर.
धड बाजूच्या धनुकलीचं शिखर, एक ठिपका,
तिचा खळगा, दुसरा,
मग तेवढंच अंतर मोजून तिसरा,
जिथे शिखर नाहीच, तिथे.

कायतान स्ट्रेचर लावून दाराशी उभा.
त्याच्या ओठावर जुनी शिवण, वरून खाली सरळ.
त्याच्या लहानपणी सरळच शिवला होता कुणीतरी.
व्रण आखडला, ओठ वर ओढून बसला.
लोक विचारतात, शीळ घालतोस काय?
त्याला मडगाव-काणकोण बसवर कंडक्टर व्हायचं होतं.
शीळच वाजली नाही.

मी सरळ कापत नाही.
आतली बाजू वळवून खाली उतरवते,
बाहेरची पुढे घेते,
भरल्या बाकावर कुणी सरकून जागा द्यावी तशी.
कातडीचं सोपं असतं.
खालचा स्नायू वाट चुकून नाकपुडीला चिकटलेला;
त्याला सोडवायचं, आडवं करायचं,
समोरच्याशी त्याची गाठ घालून द्यायची.

शेवटी ती पांढरी कड,
ओठ संपून चेहरा सुरू होतो तिथली.
इथे एक मिलिमीटर चुकलं
तर हातभर अंतरावरून जन्मभर दिसतं.
भूल देणारे परेरा गुणगुणणं थांबवतात.
टाका.

बाहेर आईने बघितलं आणि रडायला लागली.
ही माझी नाही, म्हणाली.
पहाटे चमच्याने दूध पाजताना
ही नाकापर्यंत हसायची.
ते हसू कुठे ठेवलंत?

माझ्याकडे त्यासाठी ठिपका नव्हता.

सहाव्या आठवड्यात परत आल्या.
व्रण लाल, टणक. मऊ होईल, मी सांगितलं,
खोबरेल लावून बोटाने दाबत राहा, रोज.
नाव ठेवलं?
सांतेरी.
मी मनात म्हणून बघितलं.
एकदाही ओठ मिटावे लागत नाहीत.
जपून निवडलं होतं, की वारुळाच्या देवीचा नवस होता,
विचारलं नाही.

कायतानने दारातून हाक मारली, अगदी स्पष्ट:
सांतेरी!
तिने दोन्ही ओठ घट्ट मिटले
आणि त्याच्याकडे बघत राहिली.