एक्केचाळीस फळ्या

बावीस वर्षं विल्हो लोकांच्या घरी लाकडी जमिनी घालत हिंडला.
आमच्या घरी प्लायवूड.
त्यावर कंपनीचा निळा शिक्का, त्यावरूनच
मुलं पहिली अक्षरं शिकली.
मुलं गेली. शिक्काही गेला पुसून.
मी म्हटलं, सरोवर गोठायच्या आत काय ते ठरव.

त्यानं सात तुकडे आणले, हात-हातभर,
सिंकपासून दारापर्यंत मांडले
आणि म्हणाला, महिनाभर यावरूनच चालायचं. बुटांसकट.

चाललो.

ओक काही बोलत नाही. डाग पोटात घालतो,
दर तिसऱ्या घरात तोच असतो,
विल्हो त्याच्याकडे बघून जांभई देतो.
मेपल गोरा, इतका की एक मोहरीचा दाणा सांडला
तरी त्याची बातमी होते.
हिकरीवर मी टेबलाच्या उंचीवरून हातोडी सोडली.
हातोडीच उडाली.
"करवतीचं पातं खातं हे," तो म्हणाला,
"रोज भांडावं लागतं याच्याशी,"
आणि माझ्याकडे बघून कॉफी ढवळत बसला.

अक्रोडाचा भाव त्यानं
दवाखान्यात बोलतात तशा आवाजात सांगितला.
बर्च इथलाच, दारादारात उभा,
म्हणून कुणी मागत नाही.

चेरीवर मात्र माझं मन बसलं होतं.
कापल्या कापल्या माशाच्या मांसासारखी गुलाबी,
मग उजेड पीत पीत गडद होत जाते.
तुझं वय दिसेल तिच्यावर, मी म्हटलं.
तेव्हा त्यानं तैमी हुर्मेच्या घराचं सांगितलं,
पहिल्यांदाच:
तिचा पलंग हलवला तर खाली
फिकट चौकोन, नवा कोरा,
पलंगाएवढाच.
मुलगा म्हणाला, घासून एकसारखं करून द्या.
विल्हो गुडघ्यावर बसला, हात फिरवला,
मशीन गाडीतून उतरवलंच नाही.
"पडदे उघडे ठेव," म्हणाला, "उन्हाळ्यापर्यंत भरून येईल."
पैसे घेतले नाहीत.
भरून आलं का, मी विचारलं.
त्यानं चमचा धुतला, पुसला, जागेवर ठेवला.

राहिला अ‍ॅश.
त्याबद्दल तो काहीच बोलला नव्हता,
आणि रात्री पाणी प्यायला उठला की
सहा तुकड्यांवर पाय द्यायचा,
सातवा ओलांडून जायचा. अंधारातसुद्धा.

मला माहीत आहे तो अ‍ॅश.
सॉनाच्या मागे उभा होता, त्याच्या आजोबांच्या वेळचा.
तीन उन्हाळ्यांपूर्वी हिरव्या किड्यानं नेला.
साल सोलली तेव्हा आत वळणावळणाची अक्षरं,
कुणी खिळ्यानं घाईघाईत पत्र लिहावं तशी.
विल्होनं ती बराच वेळ वाचली.
मग झाड स्वतःच पाडलं,
फळ्या शेडमध्ये रचल्या, मध्ये काड्या घालून,
आणि विषय संपला.

रविवारी तो मासे धरायला गेला तेव्हा
मी शेडमध्ये जाऊन मोजल्या. एक्केचाळीस.
प्रत्येकीच्या टोकाला पेन्सिलीनं आकडा होता.
त्याच्या हाताचा सात, मधोमध आडवी रेघ मारलेला.
आधीच मोजून बसला होता, गाढव.

"एक्केचाळीसमध्ये स्वयंपाकघरच होईल," रात्री मी म्हटलं.
तो बटाटा सोलत होता. साल तुटू दिली नाही.
"चाळीस. एकीला गाठ आहे, फुटेल ती."
"आणि बाकीचं घर?"
"बाकीचं घर," तो म्हणाला, आणि बटाटा पाण्यात टाकला.

आता फळ्या बैठकीत आहेत, थरावर थर.
आणल्या आणल्या ठोकायच्या नसतात म्हणे,
तीन आठवडे घरची हवा लागू द्यायची,
आपलं कोरडेपण त्यांना कळू द्यायचं.
टीव्ही निम्मा झाकला गेलाय.
आम्ही भिंतीला पाठ लावून, आडवे,
पोट आत ओढून एकमेकांना वाट देतो,
आणि गाठवाली एक्केचाळिसावी त्यानं
परत नेली नाही, दाराशी उभी करून ठेवलीय.
तिच्यावर मी माझी टोपी अडकवते.