किल्ली पायपुसण्याखाली

बरबँकमध्ये, ऑरिन व्हेल्कच्या गॅरेजात
गवत कापायच्या यंत्राला खेटून एक पियानो होता.
त्याची एक काळी पट्टी दाबली की वर यायची नाही,
नखानं उचलावी लागायची.
मी सकाळी शाळेची बस चालवायचे
आणि दुपारी, तासाला चाळीस डॉलर,
गाणी कच्ची गाऊन द्यायचे.
म्हणजे मोठ्या गायिकेला चाल कळावी म्हणून
आधी कुणीतरी गाऊन ठेवायचं असतं, ते.
शिंप्याच्या खडूची रेघ. शिवून झालं की झटकून टाकतात.

प्रसंग असा, की आई बसथांब्यावरून एकटी परत फिरते.
दिग्दर्शकाची चिठ्ठी: दोन मिनिटं दहा सेकंद.
रडारड नको. शेवटी आशा हवी, पण फार नको.
"फार नको म्हणजे किती?" ऑरिन म्हणाला,
"चमचाभर?"

दुसरी ओळ तीन दिवस अडून बसली.
चंद्र घालून पाहिला. समुद्र घातला, काढला.
तिसऱ्या दुपारी मी त्याच्याच फोनवरून
बेकर्सफील्डला वेस्लीच्या मित्राकडे निरोप ठेवला,
मार्चपासून ठेवत होते तोच:
आलाच तर सांगा त्याला,
किल्ली पायपुसण्याखाली आहे.
कुलूप बदललेलं नाही.

वळले, तर ऑरिनची पेन्सिल चालत होती.
मी काही विचारलं नाही. त्यानंही नाही.
नखानं पट्टी उचलत तो म्हणाला, "गा."

आपलं वाक्य गाताना
आपल्याच घराची बेल वाजवल्यासारखं वाटतं.

पुढे माझा आवाज पुसला, ठरल्याप्रमाणे.
'कुलूप'च्या आधीचा एक श्वास तेवढा राहिलाय,
असं मिक्सिंगवाला टोबायस सांगतो.
मला तो कधी ऐकू आलेला नाही.

नामांकनाच्या अर्जावर एक ओळ असते:
हे गीत मूळ आहे, केवळ याच चित्रपटासाठी लिहिलेलं आहे.
ऑरिननं सही केली. त्यात खोटं काही नव्हतं.
लिहिलं त्यानंच. मी नुसतं म्हटलं होतं.

त्या रात्री त्याला पंचेचाळीस सेकंद मिळाले.
बायको, आई, वकील, निर्माता, निर्मात्याचा भागीदार,
मग त्यानं वरचे दात खालच्या ओठावर टेकवले.
'व्हर्ना' म्हणायला तोंड तसंच करावं लागतं.
तेवढ्यात वाद्यवृंद सुरू झाला.
'व्हेरी मच'सुद्धा तसंच सुरू होतं, म्हणा.

दुसऱ्या दिवशी टॉवेलात गुंडाळून ती बाहुली घेऊन आला.
मी ती पीठ मोजायच्या काट्यावर ठेवली.
काटा पाच पौंडांवर जाऊन टेकला, पुढे आकडेच नव्हते.
"अर्धी तुझी," तो म्हणाला.
"कुठली अर्धी?"
"कमरेखालची."
आम्ही कॉफी प्यालो.

चित्रपट आता कुणाला आठवत नाही.
गाणं दाताच्या डॉक्टरकडे लागतं,
खरबुजं निवडणाऱ्या बायका ते गुणगुणतात,
मी शेजारीच उभी असते, वास घेऊन पाहत.

आणि एका फेब्रुवारीत, पहाटे,
दारात किल्ली फिरली.
वेस्ली. दाढी वाढलेली, एकाच हातात हातमोजा.
"टुकमकरीला पेट्रोल भरताना रेडिओवर लागलं," म्हणाला.
"ती बाई चांगली गाते, पण तुझं वाक्य तिला जमत नाही.
तू 'कुलूप' म्हणताना घाई करतेस."
चार अंडी खाल्ली. दोनशे डॉलर मागितले.
मी अंघोळीला गेले तेव्हा निघून गेला,
किल्ली घेऊन.

दुपारी मी माझी किल्ली घेऊन मॅग्नोलिया रस्त्यावर गेले.
"मूळची आहे ना?" दुकानदारानं उजेडात धरून पाहिली.
"नकलेवरून नक्कल काढली तर कुलपात बसत नाही."
"मूळची," म्हटलं.
यंत्रावर पितळ किंचाळू लागलं,
आणि तो त्यावरून शीळ घालू लागला. तेच गाणं.
दुसऱ्या ओळीला चुकला. मी दुरुस्त केली.
"पाठ दिसतंय तुम्हाला."
"हो," म्हटलं. "दोन करा."