ऐच्छिक रकाना

रकान्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय: ऐच्छिक.
म्हणजे भरला तरी चालेल, नाही भरला तरी.
असल्या मोकळिकीची सवय नाही मला.
आमच्या डुलुथमध्ये नोव्हेंबरात कोट घालणं ऐच्छिक नसतं,
बाबांची दुसरी पाळी ऐच्छिक नसते.

इतिहास: पाच. हे लिहिलं एका दमात.
जीवशास्त्र: चार. हेही.
त्या चारासाठी अख्खा एप्रिल
बेडकाचा वास येणाऱ्या हातांनी जेवले होते मी.
मग कॅल्क्युलस.
पाचातले दोन.

समुपदेशक मिसेस हॅव्हरकॅम्प,
चारशे मुलांमागे एकट्या,
दारात उभ्या राहूनच म्हणाल्या,
"चार-पाच असतील ते सांग. बाकीचं कुणी विचारत नाही.
न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, सिग्नी."

झाकली मूठ सव्वा लाखाची, तेवढं कळतं मला.
पण या मुठीत खडू आहे
ओकरलुंड सरांचा.
पाच जणांसाठी तास लावता येत नाही, असं शाळा म्हणाली
तेव्हा सर पावणेसातला यायला लागले,
घंटेच्या आधी, पगाराच्या बाहेर.
बर्फ पडलेला असला तर आधी पायऱ्या साफ करायचे,
मग फळा.
जूनमध्ये ते निवृत्त झाले.
जुलैत माझा एपीचा निकाल लागला.
मी कळवलं नाही.

दोन पुसले, तर त्या सकाळीही पुसल्या जातात का?
आणि ठेवले, तर कुठल्याशा लांबच्या कॉलेजात
अर्जांच्या ढिगाशी बसलेला दमलेला माणूस
त्या दोनात सर पाहील,
की नुसते दोन?

अकराला बाबा गोदीवरून आले.
हातमोजे हीटरवर वाळत टाकत त्यांनी सगळं ऐकलं.
"जहाजाच्या नाकाडावर आकडे रंगवलेले असतात, पाहिलेस ना?
रिकामं असलं की सगळे दिसतात.
खनिज भरलं की खालचे पाण्यात जातात."
मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली.
ते झोपायला गेले.
हा सल्ला होता की जहाजांबद्दलची माहिती,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

अकरा चाळीसला 'दोन' लिहिलं.
अकरा पंचेचाळीसला खोडलं.
कर्सर त्या मोकळ्या जागेत
टकामका बघत राहिला,
बाहेर सोडायचं विसरलेल्या कुत्र्यासारखा.
बाराला सहा मिनिटं कमी असताना
अर्ज पाठवला. तसाच. दोनांवाचून.

शनिवारी हार्डवेअरच्या दुकानात
सर खिळे मोजून घेत होते.
रंगाच्या डब्यांमागून निसटायला वाट होती.
"किती?" नमस्कार-चमत्काराआधीच त्यांनी विचारलं.
"दोन."
कॉलेजला जे सांगायला आठवडा पुरला नाही
ते असं निघून गेलं तोंडातून.
त्यांनी मान हलवली,
उद्याचं हवामान ऐकल्यावर हलवतात तशी.
"चौथा प्रश्न?"
"चौथाच."
"वाटलंच."

मग काउंटरवरचं पेन ओढून
ते खिळ्यांच्या तपकिरी पिशवीवर वक्र काढायला लागले.
मागे रांग खोळंबली,
रेघेरेघेला पिशवी खुळखुळत होती,
आणि तिसऱ्या ओळीवर मी त्यांचा हात धरला,
"थांबा सर,
इथे मी वजा केलं होतं."