रनआउट

मंठ्याच्या अलीकडे एक उतार आहे, फार नाही,
सायकलवाला पायडल मारायचं सोडून देतो तेवढाच.
तिथं ब्रेकवर पाय ठेवला की माझी गाडी
ज्वारीच्या चाळणीसारखी हलायची.
मागं बियाण्याच्या पाकिटांचे खोके, आरशाला टांगलेलं लिंबू,
दारातल्या बाटलीतलं पाणी, सगळेच थरथरायचे.
ऐंशीला जास्त, चाळीसला कमी.
पाय उचलला की चिडीचूप,
जणू मीच काहीबाही ऐकलं.

परतूरच्या टायरवाल्यानं बॅलन्सिंग केलं,
रिमला शिशाचे दोन तुकडे ठोकले.
अंबडला अलाइनमेंट.
शोरूमनं पुढच्या दोन्ही डिस्क बदलल्या,
सहा हजार आठशे, बिलाचा कागद गुळगुळीत.
दोन महिने गाडी शहाण्यासारखी थांबली.
तिसऱ्या महिन्यात तोच उतार, तीच चाळणी.
साडू म्हणाला, विकून टाक,
फक्त घेणाऱ्याला उतारावर नेऊ नको.

जालन्यात, भट्ट्यांची काजळी जिथं
वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते,
तिथं मुनाफ मिस्त्रीचं शेड. पाटी नाही.
त्यानं बॉनेट उघडलंच नाही.
"पहिले हे सांगा, हलतं काय? स्टेरिंग का बूड?"

दोन वर्षांत हे मला कुणी पुसलं नव्हतं.
मी डोळे मिटून उतार आठवला.
"हात," मी म्हणालो. "हातात येतं."
"मग म्होरलं चाक. बूड हललं असतं तर मागचे ड्रम पाहिले असते."

तरी तो शेजारी बसला, चप्पल काढून,
उघडा तळवा पत्र्यावर टेकवून.
"मारा. हळू. आता सोडा. परत."
बायपासवर चार वेळा.
मागचे ट्रकवाले आमच्या सात पिढ्या काढत गेले.

जॅक लावला. नट सोडताना त्याचा पोरगा
पान्यावर दोन्ही पायांनी उभा राहिला.
"पाइप लावून आवळलेत कुणीतरी. एक हा असा,
अन् हा दुसरा, हातानं फिरतोय."
मग साडीच्या फडक्यातून डायल निघाली,
काटा डिस्कला टेकला, मिस्त्री चाक हळूहळू फिरवू लागला.
शून्य. चार. नऊ. बारा शतांश. नऊ. चार.
"रनआउट."
"कोण?" पोरगा म्हणाला, आणि एकटाच हसला.

मी म्हणालो, म्हणजे नवी डिस्कही वाकडीच?
"डिस्क बिचारी सरळ आली होती."
दोन हलके ठोके, डिस्क हातात.
मागं हबाच्या तोंडावर गंज,
चहाच्या गाळासारखा, आणि कडेला एक खपली,
ज्वारीच्या तुसाएवढी.
"नवी डिस्क ह्याच्यावर बसवली. कुणी पुसलंच नाही.
मग ती दर फेऱ्याला जराशी झुकणार,
पॅड तिला तेवढ्याच जागी चाटणार,
दोन महिन्यांत इथं जाड, तिथं पातळ.
हजारदा डिस्क बदला, खपली तिथंच."

पोरानं पॉलिशपेपर घेतला. वीस मिनिटं घासलं.
शेजारच्या लेथवर डिस्कची
केसासारखी बारीक साल निघाली.
परत डायल: दोन शतांश. काटा जागचा हलेना.
नट आवळताना मिस्त्री पोराला ओरडला,
"पंगतीत वाढल्यासारखं रांगेनं नको!
हा झाला, की त्याच्या समोरचा."

साडेपाचशे घेतले, लेथचे धरून.
पन्नास सुटे नव्हते, राहू द्या म्हणाला.

मंठ्याच्या उतारावर मी मुद्दाम ऐंशीनं गेलो.
पाय ठेवला.
बाटलीतलं पाणी एकदा पुढं कललं,
मागं आलं,
सपाट झालं.
बाजूनं एक सायकलवाला गेला, पायडल न मारता.

कंपनीच्या फॉर्मवर टायर, तेल, टोल असे रकाने आहेत.
मी 'इतर'मध्ये लिहिलं:
पुसणे, रुपये पाचशे.
हिशेबनीसाचा अजून फोन आलेला नाही.