तिसरी स्लाइड

मेडिकलच्या पॅथॉलॉजीत आज कूलरची खस बदलली,
खोलीला ओल्या गवताचा वास आहे
आणि त्याखाली नेहमीचा, फॉर्मॅलिनचा.
भिंगाखाली लीलाधर बोरकुटेंच्या पोटावरची चरबी,
वाटाण्याएवढा तुकडा
मेणात बसवून मीच कापलेला.

पहिली स्लाइड दोन वर्षांपूर्वीची.
एकशे एकतीस किलो.
ते बाकावर बसले की शेजारचा आपोआप उठायचा.
"मेश्रामबाई, काय पाह्यता त्याच्यात?
चरबी म्हंजे चरबीच ना."

चरबी दिसतच नाही खरं तर.
झायलिनमध्ये तेल विरघळून जातं,
उरतात नुसत्या रिकाम्या खोल्या
आणि पातळ भिंती, एकीला एक खेटून.
एखादी खोली मेलेली असते.
तिच्याभोवती भक्षक पेशी,
माझ्या रंगाने तपकिरी झालेल्या,
खांद्याला खांदा लावून गोल उभ्या.
पुस्तकात त्याला मुकुट म्हणतात.
मला तो मयताच्या घरापुढचा घोळका वाटतो:
आता काम कोणालाच नाही
आणि निघवतही कोणाला नाही.
त्या स्लाइडवर चौदा मोजले होते.

मग सुई. दर रविवारी, बेंबीच्या डावीकडे, पुढल्या रविवारी उजवीकडे.
फ्रीजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात ठेवायचे.
पहिला महिना नुसत्या ओकाऱ्या.
मग सावजीच्या रश्शाचा वास आला तरी
"जीव म्हणे, राहू दे बावा."
अंगठी निसटून नालीत गेली.
इतवारीत पट्ट्याला चार भोकं पाडून घेतली
आणि चौथं मला खास दाखवायला आले,
वर्दी दाखवावी तसे.

दुसरी स्लाइड, तिसऱ्या महिन्यातली,
डॉक्टरांना वाटलं, मी उलटी लावली.
माणूस घटत होता
आणि घोळके वाढले होते.
पेशी तेल सोडत होत्या,
सांडलेलं तेल हे पोटात घेत होते,
फुगत होते, फेसाळत होते.
सामान उपसताना घरात धूळ जास्त दिसते, तसं.
थांबा, म्हटलं मी.
कोणाला म्हटलं, माहीत नाही.

आणि ही आज.
अठ्ठ्याऐंशी किलो.
खोल्या लहान झाल्या, मध्ये धाग्यांची जाळी.
मुकुट दोन.
बाकीचे पांगले,
पण गेले नाहीत.
एकेकटे उभे, भिंतीला टेकून,
पोटात तेलाचे जुने थेंब.

एम्प्रेस मिल बंद झाली तेव्हा
बाबा फाटकावर पहारेकरी होते.
हिशेब मिळाला, शिक्का मारलेलं पाकीट मिळालं,
तरी सात महिने, पहाटे पाचला,
डबा घेऊन निघायचे.
आई म्हणायची, काहून जाता जी, काय राखता थं?
ते पायातली चप्पल नीट करायचे.
"कोणी वापस आलं तं?"

दुपारी बोरकुटे आले.
कॉलर आता मानेला टेकत नाही.
"गेले का सगळे?"
मी म्हटलं, खूप कमी झाले.
हो म्हणाले, आणि बसून राहिले.
निघताना, दाराकडे तोंड करून:
"सुई बंद केली मी, बाई. गेल्या महिन्यापासून.
पोरीची फी होती."

रिपोर्टमध्ये मी मुकुटांची संख्या लिहिली.
पांगलेल्यांसाठी रकाना नाही.
शेऱ्यात लिहिलं: "काही पेशी टिकून."
कशाला टिकून, ते विचारत नाही कोणी.

मिल पुन्हा उघडली नाही.
बाबांचं खोटं ठरलं.

दिवा बंद करण्याआधी
मी पुन्हा एकदा वाकून पाहिलं.
यांचं खरं ठरेल कदाचित.