तिवर

रबाळ्याहून आले हिराजी मढवी,
डोळ्यात ग्राइंडरचा कण.
काढला. निळ्या उजेडात
बुबुळावर हिरवा ओरखडा.

"भरंल का?"

कसं सांगू, काका,
तुमच्या बुबुळाच्या पेशीपेशीवर
एक झाड आहे:
बुंधा पडद्यातून आरपार,
मूळ आत,
बाहेर साखरेच्या फांद्या,
पाणी धरणाऱ्या,
वाहते निरोप अडवून
पेशीच्या कानाशी नेणाऱ्या.
जखम झाली की काही फांद्या तुटतात,
आसवांत मिसळतात.
मग काठच्या पेशी सरकू लागतात,
एकमेकींचा हात न सोडता.

म्हटलं एवढंच,
"तीन दिवस. चोळू नका."

पट्टीखालून हसले.
"म्हंजे खाडीचा बांधच की.
फुटला तरी तिवरं असली
का गाळ धरतोच."

मी तर
झाडाचं काही बोललेच नव्हते.